प्लायवूडच्या छोट्या कारखान्यात लाकूड, ग्लू आणि सरपण कसं वाचवायचं

प्लायवूडचा पर्यावरणावर किती भार पडतो, हे बोर्डावर छापलेल्या हिरव्या पानावरून कळत नाही. ओंडक्यातून किती विनियर (लाकडाचा सोललेला पातळ थर) निघालं, ते किती सुकलं, ग्लूमध्ये फॉर्मल्डिहाइड किती होतं आणि बोर्ड किती वर्षं टिकला, यावर ते ठरतं. ही चारही कामं एकमेकांत गुंतलेली आहेत. विनियर ओलं राहिलं की प्रेसमध्ये फोड येतो, बोर्ड बाद होतो आणि लाकूड, ग्लू, सरपण तिन्ही वाया जातं. म्हणून बाद माल कमी करणं ही या धंद्यातली पर्यावरणाची पहिली पायरी आहे, आणि तिला फारसं भांडवलही लागत नाही.

एक हिशोब डोक्यात ठेवावा. १८ मिमी जाडीचा, ८ बाय ४ फुटांचा बोर्ड म्हणजे सुमारे ०.०५४ घनमीटर, वजन साधारण ३० किलो. त्यात कोरडं लाकूड २५ किलो धरलं, तर त्यातला निम्मा भाग कार्बन. म्हणजे झाडाने हवेतून ओढून घेतलेला सुमारे ४५ किलो कार्बन डायऑक्साइड त्या बोर्डात बांधलेला असतो. कपाट वीस वर्षं टिकलं तर तो वीस वर्षं तिथेच राहतो. तीन पावसाळ्यांत थर सुटून बोर्ड सरपणात गेला, तर तो लगेच हवेत परत जातो आणि नव्या बोर्डासाठी पुन्हा झाड लागतं.

लाकूड घेताना

१९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने उद्योगांना सांगितलं की कच्चा माल जंगलातून नको, शेतकऱ्यांकडून घ्या. १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ईशान्य भारतातल्या प्लायवूड आणि विनियर गिरण्या थांबल्या, आणि धंद्याचं वजन हरियाणातल्या यमुनानगरकडे, शेताच्या बांधावरच्या पॉप्लर आणि निलगिरीकडे सरकलं. पॉप्लर उत्तरेकडच्या थंडीचं झाड आहे, महाराष्ट्रात त्याच्या मागे लागू नये. आपल्याकडे निलगिरी, सुबाभूळ आणि मलबार नीम ही सहा ते आठ वर्षांत पीलिंगला (विनियर सोलायला) येणारी लाकडं आहेत.

खरी अडचण फेस विनियरची, म्हणजे बोर्डाच्या वरच्या दर्शनी थराची आहे. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली आणि फेससाठी लागणाऱ्या गर्जन लाकडाची टंचाई झाली. त्यानंतर गॅबनमधून येणारं ओकुमे विनियर बाजारात स्थिरावलं. कोअर (आतले थर) शेतातला असूनही फेस नैसर्गिक जंगलातला असेल, तर बोर्डाला ‘लागवडीच्या लाकडाचा’ म्हणणं खोटं ठरतं. फेसच्या प्रत्येक खेपेला प्रजातीचं नाव, देश आणि प्रमाणित माल असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक बिलावरच लिहून घ्यावा. पुरवठादाराच्या भिंतीवर टांगलेलं प्रमाणपत्र पुरत नाही, त्या खेपेच्या बिलावर माल प्रमाणित असल्याचा दावा नसेल तर तो माल प्रमाणित नसतो. डिसेंबर २०२३ पासून भारताची स्वतःची वन आणि लाकूड प्रमाणन योजनाही आहे.

ओंडके आवारात पडू देऊ नयेत. निलगिरीची टोकं दोन-तीन दिवसांतच तडकायला लागतात आणि तडकलेलं टोक म्हणजे फाटलेलं विनियर. आठवडाभरात सोलणं जमत नसेल, तर ढिगावर पाणी मारत राहावं आणि टोकांना मेणाचा किंवा डांबराचा हात द्यावा.

पीलिंग: गाभा किती उरतो ते मोजा

१८० मिमी व्यासाचा ओंडका स्पिंडलच्या (दोन टोकांना धरून फिरवणाऱ्या) लेथवर लावला आणि ८० मिमीचा गाभा उरला, तर (८० ÷ १८०) चा वर्ग, म्हणजे जवळजवळ २० टक्के लाकूड गाभ्यातच राहिलं. तोच ओंडका स्पिंडललेस (टोकं न धरता रोलरने फिरवणाऱ्या) लेथवर ३० मिमीपर्यंत सोलला, तर गाभ्यात ३ टक्क्यांहून कमी जातं. शेतातलं बारीक लाकूड वापरायचं असेल, तर हे एक यंत्र मात्र बदलायलाच हवं.

यानंतरची नासाडी पात्यामुळे होते. बोथट पातं लाकूड कापत नाही, ओरबाडतं. विनियरची मागची बाजू खडबडीत होते आणि खडबडीत पृष्ठभाग ग्लू पितो. दर पाळीला एका विनियरवर दहा ठिकाणी मायक्रोमीटर लावावा. २ मिमीच्या कोअरमध्ये ०.१ मिमीहून जास्त फरक दिसला, तर आधी पात्याची धार आणि मग नोजबारची (पात्यासमोर लाकूड दाबून धरणाऱ्या पट्टीची) फट तपासावी. हा फरक पुढे सँडिंगमध्ये पैसे खातो. १८ मिमीच्या बोर्डाच्या दोन्ही बाजूंनी ०.३ मिमी घासलं, की ग्लू आणि प्रेसचा खर्च भरून झालेला ३ टक्क्यांहून जास्त माल भुशात जातो. वर, हा भुसा कामगारांच्या फुप्फुसातही जातो. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत, माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात आहे, त्यामुळे सँडरला धूळ ओढणारी यंत्रणा नसेल तर ते यंत्र चालवू नये.

ओलावा

फिनॉलच्या (फिनॉल फॉर्मल्डिहाइड) ग्लूसाठी विनियर ६ ते ८ टक्के, युरियाच्या (युरिया फॉर्मल्डिहाइड) ग्लूसाठी ८ ते १० टक्के ओलाव्याचं हवं. त्याहून ओलं असेल तर प्रेसमध्ये वाफ कोंडते. त्याहून फार कोरडं असेल तर विनियर ग्लूमधलं पाणी झटकन शोषतं आणि ग्लू पसरण्याआधीच सुकतो.

पिना टोचायचं मीटर ६ टक्क्यांच्या खाली भरवशाचं नसतं. आठवड्यातून एकदा भट्टीत खात्री करावी: तुकडा तोलायचा, १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचा, पुन्हा तोलायचा. ५२ ग्रॅमचा तुकडा ४८ वर आला, तर ४ ÷ ४८ म्हणजे ८.३ टक्के. मीटरचा आकडा आणि हा आकडा यातला फरक मीटरवरच चिकटपट्टीने लिहून ठेवावा.

उन्हाळ्यात मैदानात वाळवणं फुकट आहे आणि चांगलंही आहे. पावसाळ्यात ते चालत नाही. कोकणात जुलैत हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे असते आणि अशा हवेत उघडं ठेवलेलं विनियर हळूहळू १८ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं. ड्रायरमधून ८ टक्क्यांवर काढलेला माल रात्रभर उघडा ठेवला, तर ड्रायरमध्ये जाळलेलं सरपण वाया गेलं समजा. सुकलेलं विनियर गार झाल्यावर प्लास्टिकने झाकावं आणि त्याच दिवशी ग्लूवर घ्यावं.

गिरणीतल्या उष्णतेचा सगळ्यांत मोठा वाटा ड्रायर खातो, म्हणून सरपणही कोरडं हवं. ५० टक्के पाणी असलेल्या सालीच्या एका किलोतून जेमतेम ८ मेगाज्यूल उष्णता मिळते, २० टक्क्यांवर आणलेल्या सालीतून १४. साल आणि गाभे पत्र्याच्या शेडखाली ठेवून बॉयलरच्या धुराड्याच्या बाजूची गरम हवा त्यांवर सोडली, तर सरपण कमी लागतं आणि काळा धूरही कमी होतो.

ग्लू: फॉर्मल्डिहाइड कुठे वाढतं आणि कुठे कमी करता येतं

फॉर्मल्डिहाइड हाही कर्करोगाच्या पहिल्या गटातला घटक आहे. घरातल्या हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीला घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. नव्या कपाटाचं दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते याच वायूमुळे. त्याहून कितीतरी जास्त मात्रा केटलजवळ (ग्लूचं रेझिन शिजवायच्या भांड्याजवळ) उभ्या राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला येते.

युरिया फॉर्मल्डिहाइड रेझिनमध्ये सगळा खेळ प्रमाणाचा आहे. ३७ टक्क्यांच्या १०० किलो फॉर्मॅलिनला (पाण्यात विरघळवलेल्या फॉर्मल्डिहाइडला) ४१ किलो युरिया घातला, तर एका युरियामागे फॉर्मल्डिहाइडचे १.८ रेणू पडतात. हे जुनं, झणझणीत वास मारणारं प्रमाण. त्याच फॉर्मॅलिनला ६७ किलो युरिया घातला की प्रमाण १.१ होतं आणि उत्सर्जन बरंच खाली येतं. मात्र सगळा युरिया एकदम टाकून चालत नाही, जोड कमकुवत होतो. क्रम असा ठेवावा:

१. फॉर्मॅलिनचा पीएच सौम्य कॉस्टिकने ७.५ ते ८ वर आणा. पहिला युरिया ३७ किलो घाला. या टप्प्यावर प्रमाण २ असतं.

२. तापमान ९० अंशांवर नेऊन अर्धा ते पाऊण तास धरा.

३. फॉर्मिक आम्ल पाण्यात पातळ करून थोडं थोडं घालत पीएच ५ च्या आसपास आणा. ही सगळ्यांत धोक्याची वेळ. अभिक्रिया स्वतःच उष्णता सोडते, तापमान उसळतं आणि दुर्लक्ष झालं तर केटलमध्येच रेझिन गोठतं. केटलभोवतीच्या जॅकेटमधलं थंड पाणी आधी तपासा, आम्लाचा डबा मग उघडा.

४. गरम पाण्यात टाकलेला थेंब ढगाळ दिसू लागला आणि ठरवलेला दाटपणा आला, की ताबडतोब पीएच ७.५ च्या वर न्या.

५. ६० ते ६५ अंशांवर उतरल्यावर उरलेला ३० किलो युरिया घाला, विरघळू द्या आणि ३० अंशांपर्यंत गार करा.

केटल झाकलेली आणि कंडेन्सर (वाफ गार करणारा) जोडलेला हवा. वाफ पाण्याच्या स्क्रबरमधून (वायू धुणाऱ्या यंत्रातून) सोडावी आणि स्क्रबरचं पाणी पुढच्या बॅचला वापरावं. युरिया तांत्रिक प्रतीचाच घ्यावा. शेतकऱ्याच्या नावाचा अनुदानित नीमलेपित युरिया केटलमध्ये घालणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय तो कुणाच्या तरी शेतातून काढून घेतलेला असतो.

कमी प्रमाणाच्या रेझिनवर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तक्रार येते की बोर्ड चिकटत नाही. याचं कारण हार्डनरमध्ये, म्हणजे ग्लू पक्का करायला घालतात त्या रसायनात आहे. अमोनियम क्लोराइड किंवा सल्फेट स्वतः ग्लू कडक करत नाही. ते मोकळ्या फॉर्मल्डिहाइडशी भिडून आम्ल सोडतं आणि त्या आम्लाने ग्लू पक्का होतो. मोकळं फॉर्मल्डिहाइडच कमी केलं, की आम्ल कमी सुटतं आणि वेळ वाढतो. प्रेसचा वेळ १५ ते २० टक्के वाढवून पाहावा. तरी जोड हलका वाटला तर रेझिनमध्ये मेलामाइनचा वाटा घ्यावा, त्याने पाण्याला टक्करही वाढते. हार्डनर म्हणून सल्फेट बरं, कारण क्लोराइड असलेले तुकडे पुढे बॉयलरमध्ये जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतात आणि बॉयलरच्या नळ्याही खातात.

ग्लूच्या मिश्रणात १०० किलो रेझिनला २० किलोच्या आसपास मैदा आणि ०.५ ते १ किलो हार्डनर असं प्रमाण सुरुवातीला धरावं. मैदा वाढवून पैसे वाचवायचा मोह होतो, पण जास्त मैद्याचा जोड पाण्यात लवकर सुटतो आणि त्याला बुरशीही लागते. स्प्रेडरवर (ग्लू लावायच्या रोलरच्या यंत्रावर) एका विनियरच्या दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २८० ते ३५० ग्रॅम ग्लू बसायला हवा. हे अंदाजाने ठरवू नये. विनियरचा मोजून कापलेला तुकडा ग्लू लावण्याआधी आणि नंतर तोलला की आकडा समोर येतो. बहुतेक ठिकाणी रोलरच्या मधल्या भागात झीज होऊन तिथे जास्त ग्लू बसत असतो.

फिनॉलच्या ग्लूचं गणित वेगळं. पक्का झाल्यावर तो पाण्याने आणि उष्णतेने तुटत नाही, म्हणून घरात फॉर्मल्डिहाइड फारच कमी सोडतो. युरियाचा जोड दमट, गरम हवेत हळूहळू तुटत राहतो आणि वायू सोडत राहतो. कोकण, गोवा, मुंबईसाठी स्वयंपाकघराचा माल फिनॉलचाच करावा, असं आमचं ठाम मत आहे. पण फिनॉलचा भार सांडपाण्यावर येतो. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात फिनॉलची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि स्प्रेडर धुतलेलं पाणी त्याच्या शेकडो पट वर असतं. ते बाहेर सोडूच नये. टाकीत साठवून गाळावं आणि पुढच्या फिनॉल मिश्रणात साध्या पाण्याच्या जागी घालावं. युरियाचं धुणं वेगळ्या टाकीत हवं. एक ग्लू आम्लात पक्का होतो, दुसरा अल्कलीत, त्यामुळे दोन्ही पाणी एकत्र झालं की कुठल्याच कामाचं राहत नाही.

फिनॉल खनिज तेलातून येतो. त्याचा काही वाटा काजूच्या टरफलाच्या तेलातल्या कार्डेनॉलने भरता येतो. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यातल्या काजू कारखान्यांजवळ ज्यांची गिरणी आहे, त्यांनी याचा विचार जरूर करावा. १० टक्क्यांपासून सुरू करावं, कारण कार्डेनॉलच्या लांब साखळीमुळे ग्लू सावकाश पक्का होतो. उकळत्या पाण्याची चाचणी पार झाल्याशिवाय वाटा वाढवू नये.

प्रेस

कोल्ड प्रेसमध्ये आठ-दहा मिनिटं दिली की थर एकमेकांना धरतात आणि हॉट प्रेसमध्ये भरताना कोअर सरकत नाही. सरकलेला कोअर म्हणजे एकीकडे पोकळी आणि दुसरीकडे थरावर थर. पोकळीत स्क्रू धरत नाही, सुतार तो बोर्ड परत पाठवतो.

हॉट प्रेसला युरियासाठी १०५ ते ११५ अंश, फिनॉलसाठी १३५ ते १४५ अंश. दाब मऊ लाकडाला चौरस सेंटिमीटरला ८ ते १० किलो, निलगिरीसारख्या कडक लाकडाला १२ ते १४. वेळ जाडीच्या दर मिलिमीटरला सुमारे एक मिनिट आणि वर दोन-तीन मिनिटं. मऊ लाकडावर दाब वाढवला की जाडी कमी भरते, मग जाडी गाठायला आणखी एक विनियर घालावं लागतं. फुकट गेलेलं हे लाकूड कुणाच्या वहीत दिसत नाही.

प्रेस एकदम उघडू नये. शेवटच्या दोन मिनिटांत दाब टप्प्याटप्प्याने उतरवावा, म्हणजे कोंडलेली वाफ कडांवाटे निघते. फोड कुठे आला, यावरून कारण शोधता येतं. मधोमध फुगा असेल तर ओलावा किंवा झटकन उघडलेला प्रेस. फक्त कडेला थर सुटले असतील तर तिथे ग्लू पोहोचला नाही किंवा तो आधीच सुकला. एकाच खान्यातला माल वारंवार सुटत असेल, तर त्या प्लेटचं तापमान मोजा. तेलाची किंवा वाफेची वाट तिथे तुंबलेली असते.

प्रेसमधून काढल्यावर फिनॉलचे बोर्ड गरम असतानाच एकावर एक रचले तरी चालतात, उरलेली पक्वता तिथे होते. युरियाचे बोर्ड मात्र मध्ये पट्ट्या घालून गार करावेत. गरम ढिगात युरियाचा जोड तुटायला लागतो, ताकद घटते आणि फॉर्मल्डिहाइड वाढतं.

तपासणी आणि लेबल

आयएस ७१० (मरीन प्लायवूडचं भारतीय मानक) च्या बोर्डाचा तुकडा ७२ तास उकळून थर सुटता कामा नयेत. आयएस ३०३ (सर्वसाधारण प्लायवूडचं मानक) च्या ओलावारोधक प्रतीला ६० अंशांच्या पाण्यात तीन तास आणि ६५ अंशांवर आठ तास वाळवणं, असं तीनदा करतात. प्रत्येक बॅचचा एक तुकडा तारीख घालून ठेवावा. तक्रार आली की तोच तुकडा उत्तर देतो.

उत्सर्जनासाठी ‘ई-शून्य’ असं नुसतं छापणं अर्धवट आहे. युरोपीय वर्गवारीत ई-१ असतो: चेंबर चाचणीत (बंद खोलीत बोर्ड ठेवून हवा मोजतात त्या चाचणीत) घनमीटरमागे ०.१२४ मिलिग्रॅमपर्यंत. ६ ऑगस्ट २०२६ पासून युरोपात फर्निचरसाठी मर्यादा ०.०६२ आहे. अमेरिकेत प्लायवूडला ०.०५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग). निर्यातीचं फर्निचर बनवणाऱ्याला माल विकायचा असेल, तर आकडा आणि चाचणीची पद्धत दोन्ही लिहून द्यावं. रोजच्या तुलनेसाठी मात्र साधा उपाय आहे: सारख्या मापाचे तुकडे झाकणाच्या बरणीत २४ तास ठेवून दोन बॅचचा वास शेजारी शेजारी तपासायचा. यातून आकडा मिळत नाही, पण बिघडलेली बॅच ओळखू येते.

पार्टिकल बोर्ड आणि उसाचं चिपाड

महाराष्ट्रात बगॅसचा बोर्ड करायची कल्पना वारंवार पुढे येते आणि ती चांगली आहे. उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बगॅस (चिपाड) निघतो, निम्मा ओला. पण कारखाने तो स्वतःच जाळून वीज करतात, त्यामुळे तो फुकटचा कचरा उरलेला नाही. आधी पुरवठ्याचा करार, मग यंत्रं.

दुसरी अडचण त्यातल्या भुसभुशीत गराची. बगॅसच्या जवळजवळ तिसरा हिस्सा हा गर असतो, तो स्पंजासारखा रेझिन शोषतो आणि ताकद काहीच देत नाही. तो चाळून वेगळा काढून बॉयलरला द्यावा. साखरेचा अंश राहिला तर गंजी आंबते, आत तापते आणि आग लागते. म्हणून गठ्ठ्यांमध्ये हवा खेळायला वाट ठेवावी. गव्हाच्या काडाला वरून मेणचट आवरण असतं, त्यावर युरियाचा ग्लू धरतच नाही. तिथे आयसोसायनेट हा वेगळा ग्लू लागतो. ते ३-४ टक्क्यांत भागतं आणि त्यात फॉर्मल्डिहाइड घातलेलं नसतं. पण ते प्रेसच्या पोलादी प्लेटलाही तितकंच घट्ट चिकटतं, त्यामुळे प्लेट सोडवणारं द्रव्य विसरून चालत नाही, आणि कच्च्या आयसोसायनेटची वाफ श्वासात जाणं धोक्याचं आहे.

बोर्ड वापरणाऱ्याला काय सांगायचं

मालासोबत एक चिठ्ठी द्यावी. लॅमिनेट दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावलं तर बोर्ड वाकतो आणि दुसऱ्या बाजूने वायू सुटत राहतो. कडांना पट्टी लावा, बिजागरीची आणि स्क्रूची भोकं बंद करा, कारण कापलेल्या कडेतून पृष्ठभागापेक्षा जास्त फॉर्मल्डिहाइड येतं आणि पाणीही तिथूनच शिरतं. सिंकखालच्या कपाटाचा तळ जमिनीपासून १०० मिमी उचलून घ्या. उरलेले तुकडे पाणी तापवायच्या बंबात किंवा चुलीत घालू नका, मंद आगीत ग्लू आणि लॅमिनेट अर्धवट जळून विषारी धूर घरात येतो. तुकडे परत घेणाऱ्या विक्रेत्याकडे द्या. कारखान्याने ते गोळा करून लॅमिनेट नसलेले तुकडे पार्टिकल बोर्डवाल्याला द्यावेत आणि बाकीचे फक्त पुरेशी हवा व तापमान असलेल्या बॉयलरमध्येच घालावेत.